तौलनिक साहित्याचा पेपर आणि आपली मुले

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात पोलादपूर येथे केलेले भाषण, स्मरणिकेसाठी किंचित संक्षिप्त करून)



गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार झाला की कोणा वयोवृद्धाने उठून चार उपदेशाच्या गोष्टी सांगाव्यात असा आपल्या संमेलनाचा प्रघात आहे. यंदा ती पाळी माझ्यावर आली. उपदेश करण्याची माझी योग्यता नाही, आणि तो ऐकण्याची समोरच्या तरुण मंडळींची फारशी इच्छा असावी असे त्यांच्या मुद्रेवरून दिसत नाही. म्हणून मी अगदी लहान आणि व्यवहाराचा विषय घेतला आहे. मराठी विषय घेऊन एम.ए. करणाऱ्या मुलामुलींना पुष्कळ ठिकाणी ‘तौलनिक साहित्याभ्यास’ या नावाचा पेपर असतो. त्यात निबंधवजा दीर्घोत्तरी प्रश्न येतात. त्या पेपराची तयारी कशी करावी, एवढेच मला सांगावयाचे आहे.

हा विषय मला सुचला त्याला कारण आहे. आपल्या शिष्यवृत्ती समितीपुढे एका मुलीचा अर्ज आला. तिचे नाव मी सांगत नाही. जे सांगतो ते तिच्या संमतीने सांगतो. ती याच पेपरात अनुत्तीर्ण झाली आणि पुन्हा परीक्षेस बसण्यासाठी तिने मंडळाकडे साहाय्य मागितले. बैठकीत एका ज्येष्ठ सभासदांनी विचारले, “मराठी ही आपली जन्मभाषा. तिच्यात जी मुलगी नापास होते तिच्यावर मंडळाने पैसे का खर्चावेत?” प्रश्न रोखठोक होता आणि प्रामाणिकही होता. त्याचे उत्तर त्या वेळी मला देता आले नाही. मी एवढेच म्हटले की, निर्णय पुढच्या बैठकीवर ठेवावा आणि तोवर मला तिची उत्तरपत्रिका पाहू द्यावी.

तिने छायाप्रत मागविलेली होती, ती घेऊन ती घरी आली. मी उत्तर वाचले. दोन नाटकांची तुलना करा, असा प्रश्न होता. मुलीने सात पाने लिहिली होती. साडेतीन पानांत पहिल्या नाटकाचे कथानक, पात्रे आणि भाषा. साडेतीन पानांत दुसऱ्याचे कथानक, पात्रे आणि भाषा. आणि अखेरीस एक वाक्य, की अशा रीतीने दोन्ही कलाकृती आपापल्या परीने श्रेष्ठ आहेत. अक्षर मोत्यासारखे. माहितीत एकही चूक नाही. परीक्षकांनी मात्र वीसपैकी पाच गुण दिले होते, आणि मी परीक्षक असतो तर फार तर सहा दिले असते.

कारण प्रश्न तुलनेचा होता आणि उत्तरात तुलना नव्हती. दोन घरांची दारे शेजारी शेजारी आहेत एवढ्याने त्यांची सोयरीक होत नाही. मुलीला मराठी येत नव्हते असे नाही. तुलना म्हणजे काय हे तिला कोणी दाखविलेच नव्हते. दोष शिकविणाऱ्यांचा होता, आणि त्यांत मी स्वतःला वगळत नाही. हा विषय माझ्याकडे प्रथम आला तेव्हा मीही मुलांना वह्याच्या वह्या उतरवून दिल्या होत्या. फ्रेंच संप्रदाय, अमेरिकन संप्रदाय, व्याख्या, भेद, उपभेद! त्या वर्षी माझ्या वर्गाच्या उत्तरपत्रिका शेजारी शेजारी ठेवल्या असत्या तर त्या एकाच माणसाने लिहिल्या असे कोणीही म्हटले असते. तो माणूस मी होतो. हे समजायला मला दोन निकाल लागावे लागले.

तर तुलना म्हणजे काय? पुस्तकी व्याख्या बाजूस ठेवून आपण आपल्या दारातलेच उदाहरण घेऊ. पोलादपूरच्या मुलाला या पेपरासाठी जे भांडवल जन्मतः मिळालेले आहे ते मुंबईच्या मुलाला मिळालेले नाही, असे मी म्हटले तर ती गावाची स्तुती समजू नका.

येथून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरच्या एस.टी.त बसले की वाटेत प्रतापगड लागतो. त्या गडाच्या पायथ्याशी १० नोव्हेंबर १६५९ रोजी शिवाजीमहाराज आणि अफझलखान यांची भेट झाली. घटना एकच, दिवस एकच, माणसेही तीच. पण ती घटना आपल्यापर्यंत निरनिराळ्या मुखांनी आली आहे. अज्ञानदास शाहिराचा पोवाडा आहे. कृष्णाजी अनंत सभासदाची बखर आहे. आणि कवींद्र परमानंदाचे ‘शिवभारत’ हे संस्कृत काव्य आहे. यांपैकी परमानंदाची समाधी आपल्या पोलादपुरात आहे. रोज तिच्यावरून शाळेत जाणाऱ्या किती मुलांना त्याचा ग्रंथ ठाऊक आहे, हे विचारण्याचे धाडस मी करीत नाही. आपल्यांतल्या वडील मंडळींनाही विचारीत नाही.

आता या तिन्ही ठिकाणी त्या भेटीचा क्षण काढून वाचा. खानाने राजांना कवेत धरून शस्त्र चालविले, येथपर्यंत साधारण मेळ आहे. पुढे राजांनी कोणते शस्त्र चालविले? पोवाड्यात वाघनख आहे आणि बिचवाही आहे. बखरीतही वाघनख आहे, बिचवा आहे. शिवभारतात वाघनखाचा उल्लेखच नाही. तेथे राजे तलवार चालवितात.

येथे विद्यार्थी थांबतो आणि लिहितो, “तिन्ही ग्रंथांत शस्त्रांविषयी फरक आढळतो.” हे वाक्य खरे आहे, आणि त्याला अर्धा गुण आहे. खरे उत्तर याच्यापुढे सुरू होते. हा फरक का पडला?

इतिहासाचा विद्यार्थी विचारील, यांतले खरे कोणते? तो त्याचा धर्म आहे. साहित्याच्या विद्यार्थ्याचा प्रश्न निराळा असतो: सांगणारा कोण, ऐकणारा कोण, आणि कोणत्या घाटात सांगितले? परमानंदाने आपल्या काव्याची मांडणी अशी केली आहे की, काशीचे पंडित विचारतात आणि तो त्यांना राजांचे चरित्र सांगतो. ऐकणारे पंडित, भाषा संस्कृत, नमुना महाभारताचा; ग्रंथाच्या नावातच ‘भारत’ आहे. त्यातला नायक विष्णूचा अवतार आहे. अशा नायकाच्या हातात महाकाव्याची रीत तलवार देणार. बोटांत दडवून नेलेले शस्त्र त्या सभेत कसे शोभेल? हे माझे अनुमान आहे. तुम्ही दुसरे काढाल तर आनंद आहे. परंतु अनुमान काढले पाहिजे आणि त्याला ग्रंथातला आधार दिला पाहिजे. परीक्षेत गुण पडतात ते येथे.

सभासदाची गोष्ट वेगळी. त्याने बखर लिहिली ती सुमारे १६९७ साली, जिंजी येथे, राजाराममहाराजांच्या आज्ञेवरून. त्या वेळी जिंजीला मोगलांचा वेढा होता. थोरल्या महाराजांना जाऊन सतरा वर्षे झाली होती. राज्य संकटात असताना नव्या छत्रपतींना वडिलांची हकीकत सांगणारा तो जुना सेवक आहे. म्हणून त्याच्या गद्यात अलंकार थोडे आणि योजना फार. पंताजी गोपीनाथांची शिष्टाई कशी झाली, कोण कोठे उभा राहिला, सैन्य कोठे दडविले, इशारत कशी ठरली, हे तो कारकुनाच्या काटेकोरपणाने सांगतो. वाघनख त्याला अडचणीचे वाटत नाही. उलट तीच तर राजांची सावधगिरी! भवानीचा दृष्टान्त बखरीतही आहे आणि शिवभारतातही देवी येते. पण एका ठिकाणी तो भक्त राजाला मिळालेला धीर आहे, दुसऱ्या ठिकाणी दैवी कार्याचा पुढचा टप्पा आहे. एवढ्या एका मुद्द्यावर चांगला विद्यार्थी पान भरील.

आणि शाहीर? तो उभ्या माणसांपुढे डफ घेऊन उभा आहे. त्याला पाने उलटून मागे पाहता येत नाही, श्रोत्यांनाही येत नाही. म्हणून त्याचा पोवाडा माणसांच्या नावांनी, शामियान्याच्या थाटाने आणि खान व राजे यांच्या शाब्दिक चकमकीने भरलेला आहे. मिशीवर ताव देणारा श्रोता त्याला समोर दिसतो आहे. बखर एकट्याने वाचावयाची, काव्य सभेत ऐकावयाचे, पोवाडा मैदानात. एकाच घटनेला तीन जागा मिळाल्या आणि तिन्ही जागांनी तिला आपापला आकार दिला.

आणखी एक चौथे मुख आहे. हॅरी ॲकवर्थ नावाचे इंग्रज अधिकारी मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर होते. वडाळ्याच्या कुष्ठरोग्यांच्या रुग्णालयाला ज्यांचे नाव आहे तेच हे. त्यांनी शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्यासह १८९१ साली ऐतिहासिक पोवाडे छापून काढले आणि १८९४ साली त्यांतले निवडक पोवाडे इंग्रजी पद्यात उतरवून लंडनला प्रसिद्ध केले. डफ, तुणतुणे आणि मागून येणारा ‘जी जी’ इंग्रजी छंदात कसा उतरणार? काय उतरले, काय वाटेत सांडले, हाही तुलनेचाच प्रश्न आहे. परमानंदाचे काव्यही आपल्याला फिरून मिळाले आहे. तंजावरच्या हस्तलिखितांवरून सदाशिव महादेव दिवेकर यांनी ते १९२७ साली मराठी भाषांतरासह प्रसिद्ध केले. सावित्रीकाठी ज्याची समाधी, त्याचा ग्रंथ कावेरीकाठाहून परत यावा, ही गोष्ट मला नेहमी विचित्र वाटत आली आहे.

आता त्या मुलीच्या उत्तरपत्रिकेकडे वळू. तिने पहिली कृती संपवून दुसरी सुरू केली, हा घोटाळ्याचा उगम. तुलनेच्या उत्तरात कृतींप्रमाणे परिच्छेद पाडू नयेत, मुद्द्यांप्रमाणे पाडावेत. शस्त्राचा परिच्छेद असेल तर त्यातच बखर, त्यातच पोवाडा, त्यातच काव्य आले पाहिजे. जेथे एका परिच्छेदात एकाच ग्रंथाचे नाव दिसेल तेथे आपली गाडी सारांशाच्या वाटेला लागली असे समजावे. आणि लिहिण्यास बसण्यापूर्वी उत्तरपत्रिकेच्या मागल्या पानावर तीन ओळी कच्च्या लिहाव्यात: या कृतींत समान काय, भेद कोठे, आणि तो भेद कशामुळे. तिसरी ओळ सुचली नाही तर पहिल्या दोन ओळींवर उत्तर लिहू नये, दुसरा मुद्दा शोधावा. पाचदहा मिनिटे फुकट गेली असे मुलांना वाटते. शेजारचा मुलगा पुरवणी मागतो आणि यांचे हातपाय गळतात. पुरवणीच्या जाडीवर गुण देणारे परीक्षक अगदीच नाहीत असे मी म्हणणार नाही, परंतु त्यांच्या भरवशावर वर्ष टाकू नये.

दुसरा घोटाळा कुस्तीचा. आमच्या मुलांना तुलना म्हटली की कोण जिंकले ते सांगावेसे वाटते. कालिदास थोर की शेक्सपिअर थोर? असल्या निकालाची परीक्षकाला गरज नसते. गोविंद बल्लाळ देवलांनी ‘ऑथेल्लो’वरून १८९० साली ‘झुंझारराव’ केले; आगरकरांनी त्याआधी १८८३ साली ‘हॅम्लेट’चे ‘विकारविलसित’ केले. यांत मूळ मोठे आणि रूपांतर लहान, असे लिहून उत्तर संपते. त्याऐवजी व्हेनिसचा सेनापती मराठी रंगभूमीवर आणताना देवलांना काय काय बदलावे लागले असे विचारले, की त्या काळच्या प्रेक्षकाची सारी मनोरचना उलगडू लागते.

संप्रदायांविषयी थोडे बोलतो, कारण तो प्रश्न येतोच. फ्रेंच अभ्यासकांनी, विशेषतः पॉल व्हान टिगेम यांनी, एका साहित्याचा दुसऱ्यावर पडलेला प्रभाव शोधण्यावर भर दिला. कोणाचे कोणाला मिळाले, त्याचा पुरावा काय. रेने वेलेक यांनी १९५८ साली त्यावर कडक टीका केली आणि प्रत्यक्ष प्रभाव नसतानाही साम्यभेद अभ्यासता येतात, या बाजूला बळ आले. गटेने १८२७ साली विश्वसाहित्याची कल्पना बोलून दाखविली. रवींद्रनाथांनी १९०७ साली कलकत्त्यास ‘विश्वसाहित्य’ या विषयावर व्याख्यान दिले. १९५६ साली जादवपूर विद्यापीठात बुद्धदेव बसूंनी या विषयाचा स्वतंत्र विभाग उभा केला. मुंबई विद्यापीठात रवींद्रनाथांच्याच नावाचे तौलनिक साहित्याचे अध्यासन झाले. वसंत बापट आणि पुढे भालचंद्र नेमाडे त्या आसनावर होते. बापटांचे ‘तौलनिक साहित्याभ्यास’ हे पुस्तक १९८१ सालचे. मराठीत वाचावयाचे तर तेथून आरंभ करावा. झाले. निबंधात याला एक परिच्छेद पुरे. ‘झुंझारराव’ पहिल्या वाटेने जाईल, कारण तेथे मूळ नाटक हाताशी आहे. आपल्या तीन ग्रंथांचे उदाहरण दुसऱ्या वाटेने जाईल, कारण तेथे कोणी कोणाची नक्कल केल्याचे दाखवावयाचे नाही.

मुलांनी स्वतः करून पाहण्यासाठी एक उदाहरण मी ठेवून जातो, आणि तेही याच तालुक्यातले. उमरठ हे तानाजी मालुसऱ्यांचे गाव. तेथे त्यांची समाधी आहे. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्रीचा सिंहगड तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यात आहे, सभासदाच्या बखरीत थोडक्यात आहे, आणि हरि नारायण आपट्यांच्या ‘गड आला पण सिंह गेला’ या १९०३ च्या कादंबरीत आहे. पोवाड्यात घोरपड आहे, बखरीत ती नाही. आपट्यांनी कमलकुमारी नावाची रजपूत स्त्री कथेत आणून उदयभानूशी तिचा संबंध जोडला. का आणली? पोवाड्याला जी लागली नाही ती स्त्री कादंबरीला का लागली? याचे उत्तर कोणत्याही गाइडात मिळणार नाही आणि मोबाईलवरही तयार मिळणार नाही. मिळाले तर ते बहुधा चुकीचे असेल.

आता एक गोष्ट घरच्या माणसांना सांगावयाची आहे. आपल्या मुलांना एक लाज शिकविली गेली आहे. खेड्यात बोलतो ती भाषा अशुद्ध, आजी म्हणते ती गाणी अडाणी, आणि ‘साहित्य’ म्हणजे पुण्यामुंबईकडून छापून येते ते. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांत हिंडून जात्यावरच्या ओव्या जमविल्या, त्यांची संख्या एक लाखाच्या वर गेली. परदेशातून आलेल्या माणसाला त्यांची किंमत कळली आणि आपण आजीला म्हणतो, पुरे कर! तुलनेचा पहिला पाठ तेथेच आहे. माहेरची ओवी सासरी गेली की तिच्यातले गाव बदलते, नदी बदलते, भावाचे नाव बदलते. काय बदलले आणि काय टिकले, हे ज्या मुलीने घरात कान देऊन ऐकले तिला पाठांतर नव्हते हे समजावून सांगावे लागत नाही.

ती मुलगी माझ्याकडे दोन महिने येत आहे. पहिल्या दिवशी मी तिला विचारले, तुझ्या आईच्या आणि आजीच्या ओव्यांत काय फरक आहे? ती लाजली. म्हणाली, “सर, ते काय परीक्षेत लिहायचं?” मी म्हटले, आधी मला सांग, लिहायचे मग पाहू. आजीच्या ओव्यांत मुंबईला गेलेला भाऊ आगबोटीने जातो आणि आईच्या ओव्यांत तो एस.टी.ने जातो, असे तिने सांगितले. पुढे स्वतःच म्हणाली की, आजीच्या ओवीतला भाऊ वर्षभर येत नाही, म्हणून तीत वाट पाहणे जास्त आहे. आईच्या ओवीत तो शिमग्याला येतोच, म्हणून तीत तक्रार जास्त आहे. समान काय, भेद कोठे, कारण काय! साडेतीन आणि साडेतीन पाने लिहिणारी हीच मुलगी. मागच्या आठवड्यात तिने शस्त्रांच्या प्रश्नावर चार पाने लिहून आणली. परमानंदाविषयीचे माझे अनुमान तिला मान्य नाही. तिचे म्हणणे असे की, शिवभारतातला खान इतका राक्षसासारखा रंगविला आहे की त्याला मारावयाला देवाचेच शस्त्र लागावे, त्यात गुप्तपणाचा प्रश्नच येत नाही. मी अजून त्यावर विचार करीत आहे.

शिष्यवृत्ती समितीची बैठक येत्या रविवारी आहे. तिची ती चार पाने मी सभासदांना वाचावयास देणार आहे, आणि ज्या ज्येष्ठ सभासदांनी तो प्रश्न विचारला त्यांनी ती प्रथम वाचावीत अशी माझी त्यांना नम्र विनंती आहे. परीक्षाशुल्क, पुस्तके आणि महाडला जाण्यायेण्याचे भाडे, एवढीच तिची मागणी आहे.

आणि उद्या सकाळी नऊ वाजता, परत मुंबईस जाण्यापूर्वी ज्या मुलांना सवड असेल त्यांनी परमानंदाच्या समाधीपाशी यावे. बखर, पोवाडा आणि दिवेकरांच्या पुस्तकातली त्या भेटीची पाने मी बरोबर आणीन. मोठ्याने वाचू. वडील मंडळी आली तरी हरकत नाही. पोवाडा म्हणू शकणारे कोणी असेल तर त्यांनी जरूर यावे, कारण माझा आवाज आता तेवढा राहिलेला नाही.